म्हणजे काय, ते विचारलंच नाही!

...आणि वर मला विचारतो, "सर, तुमची व्होकॅब्युलरी कितीची आहे?" कितीची? बूट आहे का तो, नऊ नंबर सांगून मोकळा व्हायला? तुम्हाला सांगतो, उभी हयात बातम्या लिहिण्यात गेली, माझ्या डोळ्यांदेखत तीन संपादक निवृत्त झाले, त्यातला एक तर निव्वळ मला कंटाळून झाला, पण माझ्या शब्दांचं माप काढणारा हा पहिलाच! आमचा नवा संपादक हो. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचा चेहरा. मी आपलं सवयीनं विचारलं, "म्हणजे काय?"

झालं! त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी त्याच्या टेबलावर चप्पल ठेवली.

"हेच, सर. हेच बदलायचंय," तो म्हणाला. "आता आपण इंग्रजी वेबसाइट काढतोय. वार्ताहराला म्हणजे काय, म्हणजे काय असं विचारावं लागणं बरं दिसत नाही. महिन्याअखेर सगळ्यांची परीक्षा. ॲडव्हान्स्ड शब्द. जे नापास होतील, त्यांच्याकडे निधनवार्ता."

निधनवार्ता! मला! अहो, मी पालिकेच्या बातम्या करतो. पालिका माझी आहे. म्हणजे बातम्यांपुरती, नाहीतर खड्ड्यांसाठी आत्ताच मला धराल! आणि आजवर तिथं मी जे काही कमावलं ते एकाच प्रश्नावर, 'म्हणजे काय?' साधी युक्ती आहे. साहेब लोक गोलगोल बोलतात. आपण एकदा विचारायचं, म्हणजे काय? साहेब पुस्तकातलं उत्तर देतो. दुसऱ्यांदा विचारायचं, म्हणजे काय? साहेब फायलीतलं उत्तर देतो. मग तिसऱ्यांदा विचारायचं. तेव्हा साहेब खिशातून रुमाल काढतो, कपाळ पुसतो आणि खरं बोलतो. रुमाल बाहेर आला की पेन उघडायचं! मोठमोठे साहेब आले आणि गेले, रुमालाचा रंग तेवढा बदलला.

आणि हा म्हणतो, बरं दिसत नाही!

बरं, मी काही अंगठाबहाद्दर नाही. कॉलेजात शिकलोय, पदवी आहे, फ्रेम करून भिंतीवर आहे. म्हटलं, शिकू की! आपण काय कुणाच्या बापाला घाबरतो? घरी येऊन मुलीला सांगितलं. तिला तर आनंदाचं भरतं आलं. तिच्या लहानपणी मी तिला पाढे म्हणायला लावायचो, त्याचा सूड उगवायची अशी संधी कुणाला मिळते? तिनं रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या केल्या आणि घरभर चिकटवल्या. आरशावर 'व्हेन', म्हणजे स्वतःवरच खूश असणारा. आरशावर! मी दाढी करताना! गळक्या नळावर 'प्रोक्रॅस्टिनेट', म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणे. त्या नळाचा वॉशर बदलायचं माझ्याकडून जरा राहिलंय, त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं? माझ्या आरामखुर्चीवर 'सेडेंटरी'. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तर कार्टी म्हणते, "बाबा, आधी उठा, मग सांगते."

आणि बायको! तिला कुणी शिकवलं नाही, तिची परीक्षा नाही, तिच्यामागं निधनवार्तेचं लचांड नाही. ती नुसती येता-जाता वाचायची. आठवडाभरात माझ्यापेक्षा जास्त शब्द तिला पाठ! आणि पाठ करून गप्प बसेल तर ती बायको कसली? शेजारीण दारात उभी असताना मला म्हणते, "अहो, किती गॅरुलस व्हाल?" शेजारणीनं विचारलं, "म्हणजे काय हो?" ही म्हणते, "तोंडाची टकळी न थांबणारा." लग्नाला इतकी वर्षं झाली, इतके दिवस ती मला मराठीत बडबड्या म्हणायची, मी हसण्यावारी न्यायचो. पण इंग्रजीत म्हटल्यावर काय लागलं हो ते... अगदी डॉक्टरनं निदान केल्यासारखं!

असो. मी शिकलो. ईर्ष्येनं शिकलो! आंघोळ करताना शब्द, जेवताना शब्द, रस्ता ओलांडताना शब्द. एका रिक्षावाल्यानं ब्रेक मारून शिवी हासडली, तर मी त्याला म्हणालो, "लॅकोनिक!" म्हणजे मोजक्या शब्दांत बोलणारा. बिचारा रिक्षा बाजूला घेऊन थांबला. "काय म्हणालात, काका? म्हणजे काय?" आणि तुम्हाला काय सांगू, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं! आयुष्यभर दुसऱ्याला प्रश्न विचारला, आज पहिल्यांदा कुणीतरी मला विचारला. मी त्याला अर्थ सांगितला नाही. नुसतं हसलो. अगदी पालिकेतल्या साहेबांसारखं. तिथंच मला कळायला हवं होतं, की आपल्याला काहीतरी चावलंय.

महिनाअखेर परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी पालिकेत पत्रकार परिषद. आरोग्याचे साहेब. सगळे जमलेले, चहा थंड, बिस्किटं मऊ, नेहमीचं. माझ्या शेजारी मिरची. मिरची म्हणजे दुसऱ्या पेपरची बातमीदार. नाव वेगळं आहे, पण हाक याच नावानं मारतो आणि तीही ओ देते. माझ्याच हाताखाली शिकली. पोरीला पहिल्याच दिवशी मी रुमालाची युक्ती सांगितली होती. काय दुर्बुद्धी सुचली होती, देव जाणे!

साहेब उभे राहिले. घसा साफ केला. म्हणाले, "शहरातल्या सहाही दवाखान्यांची स्थिती पालिका लवकरच अमेलिओरेट करणार आहे."

अमेलिओरेट! अहो, छातीत घंटा वाजली! फ्रिजवरची चिठ्ठी, पिवळी, डाव्या कोपऱ्यात! अमेलिओरेट म्हणजे सुधारणे! आजूबाजूला सगळे एकमेकांची तोंडं बघतायत आणि मी एकटा, तुम्हाला सांगतो, मी एकटा मान डोलावतोय. साहेबांनीही माझ्याकडे बघून मान डोलावली. दोन विद्वान! ओठांवर आलेलं 'म्हणजे काय' मी गिळलं. कशाला विचारू? मला माहीत होतं ना! वहीत झोकात लिहिलं, 'दवाखाने सुधारणार', आणि पेन मिटलं.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "साहेब, म्हणजे काय?"

मिरची! मला कीव आली तिची. मी हळूच म्हटलंसुद्धा, "अगं, सुधारणे. सुधारणे!" तर मला म्हणते, "काका, तुम्हाला नाही विचारलं."

साहेब म्हणाले, "सुधारणार." पुस्तकातलं उत्तर.

"म्हणजे काय?"

"उपलब्ध मनुष्यबळाचं केंद्रीकरण करून..." फायलीतलं उत्तर. आणि मी खुर्चीत ताठ झालो. ही चाल माझ्या ओळखीची होती हो! माझीच होती!

"म्हणजे काय, साहेब?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. निळा. चौकडीचा. कपाळ पुसलं.

"म्हणजे... चार बंद करणार. दोन ठेवणार."

हॉलमध्ये एकच गलका! मी पेन उघडायला गेलो, तर टोपणच निघेना. निघालं तेव्हा मिरची दाराबाहेर पोचून फोनवर बातमी सांगत होती. आणि मी काय केलं? इथं तुम्ही मला जोड्यानं मारा. मी स्वतःला समजावलं, की साहेबांचं अधिकृत निवेदन तर 'सुधारणार' असंच आहे! मी तेच छापायला दिलं. मोठ्या माणसाला शब्दार्थ कळला की बाकी काही कळेनासं होतं.

सकाळी दोन पेपर दारात. एकात 'चार दवाखाने बंद!' आणि आमच्यात, माझ्या नावासकट, 'दवाखाने सुधारणार'. बायकोनं दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून येतात. चारमधला एक तोच. मला वाटलं, आता इंग्रजीत ऐकवणार. पण नाही. शांतपणे, शुद्ध मराठीत म्हणाली, "अहो, एवढं मला रोज विचारता, भाजीत मीठ कमी म्हणजे काय, उशीर झाला म्हणजे काय... तिथं एकदा विचारायला काय झालं होतं?"

काय सांगणार? अर्थ माहीत होता, हे सांगणार?

ऑफिसात गेलो, तर संपादक दारातच. म्हटलं, आली निधनवार्ता! तर यानं माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, सर! परीक्षेत तुम्ही पहिले!" मी गार. "पण बातमी..." तर म्हणतो, "हो, बातमी गेलीच. म्हणून पालिका आता दुसऱ्याकडे देतोय. बाहेरून माणूस घेतलाय." आणि केबिनमधून कोण बाहेर आलं? मिरची! मी न राहवून म्हटलं, "आणि हिची व्होकॅब्युलरी?" संपादक गदगदून म्हणतो, "सर, मी तिलाही हेच विचारलं, तर ती म्हणाली, म्हणजे काय? काय धार आहे हो पोरीच्या प्रश्नाला! मी जागेवर नेमणूक केली."

मिरची मला वाकून नमस्कार करत म्हणाली, "काका, सगळं तुमचंच आहे." तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय करावं? आशीर्वाद दिला. दात ओठ खात दिला, पण दिला.

मला काय मिळालं? चौकट. शेवटच्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, 'रोज एक इंग्रजी शब्द'. लेखक, अस्मादिक. पहिल्या दिवशी कुठला शब्द घेतला, ते सांगायला हवं का? 'अमेलिओरेट : सुधारणे.'

दुपारी फोन आला. कुणी आजोबा होते, आवाज थरथरता. म्हणाले, "तुमचा शब्द पाठ केला बघा. पण एक शंका आहे. सुधारणे हा शब्द तर मला येतोच की. मग हा दुसरा वापरायचा कधी?"

म्हटलं, "आजोबा, तुम्हाला एखादा दवाखाना बंद करायचाय का?"

"छे हो! मी कशाला बंद करू?"

"मग राहू द्या," म्हटलं. "तुमचं मराठीत भागेल."