सायलीचं वरण

दवाखान्याच्या बाकावर भागूबाई रिपोर्टची वाट बघत होत्या. शेजारी गंगापूरकडची एक बाई आणि तिचा भाऊ बोलत बसले होते.

"तुला बाहेर काढलं व्हय, अंबिका?"

"काढलं, दादा. सिस्टर म्हणल्या, 'खा, खा' करायचं सुटत नाय तोवर बाहेरच बसा."

"चौदा वर्षांची पोर हाडाचा सापळा झाली, अन् आईनं आग्रहबी करू नाय?"

"सायलीला ऑटिझम हाय, दादा. भाताला वरण लागलं तरी तिला मळमळतं. आग्रह केला की तोंड घट्ट मिटती. आज नाय खाल्लं तर नाकातून नळी घालणार."

"मग सिस्टर करत्यात तरी काय?"

"रोज तीच खिडकी, त्याच दोन वाट्या, भात येगळा अन् वरण येगळं. शेजारी बसून आपला डबा खात्यात. बारा दिस झाले, एकदाबी 'खा' म्हणल्या नाय."

"धन्य हाय त्या सिस्टरची! मी कीर्तनात टाळ धरतो ना, बुवा थांबले की हात आवरणं लई अवघड असतं."

भागूबाईंचे हात आपसूक जोडले गेले.

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर डोकावल्या.

"ताई, आत या. सायलीनं आपल्या हातानं वरण घेतलंय. पण एक शब्द काढायचा नाही हं!"

अंबिकानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि आत गेली.