ऊन फिलिंग

—अहं, जीभ आत घ्या, बाबा. आणि बोलायचं नाही! सासऱ्यांनी आ करून गप्प बसायचं आणि सुनेनं बोलायचं — असा योग मला परत कधी येणार? ही डबी बघितलीत? हिच्यात फिलिंगची नळी गरम होते. तुमचे चिरंजीव तिला ‘बाळाची बाटली’ म्हणतात. थंड मटेरियल घट्ट असतं हो, दाढेच्या कोपऱ्यात जायचा कंटाळा करतं. ऊन केलं की मऊ पडतं, भिंतींना लगटून बसतं, फटी राहत नाहीत. त्यानं जास्त पक्कं चिकटतं का? — त्यावर भल्याभल्यांची भांडणं आहेत. आमची तर जेवतानासुद्धा. तुमच्या लेकानं तुमची हीच दाढ थंड मटेरियलनं भरली, आणि तुम्ही ते घासाबरोबर गिळलंत — मान हलवू नका! नावं नाही ठेवत मी, हात चांगला आहे त्याचा, पण ऐकेल तर शपथ. फक्त डबीतून काढलं की झटकन भरायचं असतं. बोलत बसलं की — अगंबाई, झालं की थंड! जाऊ दे परत डबीत.

तो हेच म्हणतो. “आधी तू तोंड बंद ठेव, मग गरम कर.” पेशंटसमोर म्हणाला! रिसेप्शनवाली फिदीफिदी हसली. मला रडू आलं, बाबा, खरंच — मास्क होता म्हणून निभावलं. म्हणून तर मी बाजारामागची एक खोली बघून आले. छोटंसंच क्लिनिक, एकच खुर्ची, पण माझी — हे मी मोठ्यानं बोलले? त्याला सांगू नका हं. उद्या होकार कळवायचाय. डोळे वटारू नका, घर नाही सोडत, फक्त दवाखाना वेगळा. आज तुमची दाढ नीट बसली ना, की मी ताठ मानेनं — काय? मागे काय दाखवताय?

तू? कधीपासून उभा आहेस? — म्हणजे खोलीचंही ऐकलंस. बरं झालं. आणि हातात काय ते? नळी? — अय्या, ऊन आहे ही! कशात केलीस? — तुझ्याकडे डबी? टॉवेलखाली लपवून? आणि वर मला हसत होतास, लबाडा? — नाही, असं पुटपुटून चालणार नाही. पेशंटसमोर बोललास, पेशंटसमोरच माफी माग. हे काय, बाबा पेशंटच आहेत. मोठ्यानं. — हं. ऐकलंत ना, बाबा? खोलीचं उद्या सकाळी बघू, अजून राग गेलेला नाही माझा. दे ती इकडे, निवतेय. बाबा, आ — आणि आता कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मीसुद्धा.