मेश्राम बाईंच्या फरशीवरची रेषा

मेश्राम काका, बाईंच्या घरचे सगळे, शेजारची मंडळी, आणि समोर बसलेली यंदाची दहावीची बॅच.

मला चारचौघांत बोलता येत नाही. बाईंना ते माहीत होतं. काकांनी सांगितलं म्हणून उभी राहिले आहे. जेवढं नक्की माहीत आहे, तेवढंच बोलेन.

मी शीतल. सक्करदऱ्याच्या याच हॉलमध्ये मी मेश्राम बाईंकडे गणित शिकले. आता बुटीबोरीला एका कारखान्यात तापमान मोजणारी यंत्रं तपासते.

तुम्ही आत्ता ज्या फरशीवर बसला आहात, तो आमचा आलेखाचा कागद होता. खिडकीची भिंत म्हणजे वाय-अक्ष. दाराची भिंत म्हणजे एक्स-अक्ष. बाई दोन मुलींना फरश्यांच्या जोडांवर उभं करायच्या. "शीतल, तू बिंदू हो वं. स्नेहा, तू दुसरा." मी खिडकीपासून दोन फरश्या, दारापासून पाच. स्नेहा खिडकीपासून चार, दारापासून नऊ. दोघींच्या मध्ये सुतळी ताणलेली.

बाजूला किती सरकलो? दोन. वर किती चढलो? चार. चाराला दोनाने भागा. चढ दोन. म्हणजे एक फरशी बाजूला गेलं, की दोन वर.

मग तीच चाल उलटी. माझ्यापासून खिडकीपर्यंत दोन फरश्या मागे, म्हणजे चार खाली. पाचातून चार गेले, राहिला एक. सुतळी लांबवली की खिडकीच्या भिंतीला बरोबर तिथेच टेकायची, कोपऱ्यापासून एका फरशीवर. बाई खडूने फुली मारायच्या. हा आंतरछेद.

स्नेहाला हसू यायचं, ती डुलायची. बाई म्हणायच्या, "हालू नको. बिंदू हालत नाही. तू हालली का आमची रेषा गेली."

आता जे सांगते ते काकांना विचारून सांगते आहे.

बाईंच्या किडनीचा त्रास तुम्हाला कळला तो शेवटी. मला आधी कळला. त्यांच्याकडे दोन रिपोर्ट होते, एक दिवाळीचा, एक संक्रांतीचा. बाईंनी दोन्ही आकडे आलेखावर मांडले, चढ काढला, रेषा पुढे नेली. डायलिसिस लागेल असा जो आकडा डॉक्टरांनी सांगितला होता, तिथे रेषा पोचत होती बोर्डाची परीक्षा संपल्यावर.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "बॅच निघते माही."

मी म्हटलं, "बाई, तिसरी तपासणी करा."

"काहून?"

"दोन बिंदूंतून रेषा जातेच. ती खरी आहे की नाही, हे ते दोन बिंदू सांगू शकत नाहीत."

"हे कोनं शिकवलं तुले?"

"तुम्ही."

"मंग मलेच काहून शिकवून राहिली?" आणि हसल्या.

कारखान्यात आम्ही यंत्र बर्फाच्या पाण्यात लावतो, मग उकळत्या पाण्यात. दोन आकडे, एक रेषा. पण मधलं एखादं तिसरं तापमान तपासल्याशिवाय मी सही करत नाही. हे मी बाईंना सांगितलं. पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी बोलावलं होतं, तेही सांगितलं.

शेवटी त्यांचं हसणं थांबलं. म्हणाल्या, "अन् तिसरा रेषेवर बसला नाही तर? या पोट्ट्याइले काय सांगू मी? दोन बिंदूत माही रेषा सुंदर बसते. राहू दे."

मी कोण होते त्यांना ओढून नेणारी? माझ्याकडे फक्त बरोबर उत्तर होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

शरीर सरळ रेषेत आजारी पडत नाही. रेषा वळली, आणि कुठे वळली ते बघायला तिथे बिंदूच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर वेळ होता.

बॅचमधल्या मुलांनो, तुम्ही मला बाहेर विचारलंत, ताई, आमच्यामुळे का? नाही. बाईंना तुम्ही हवे होतात, म्हणून त्यांनी तशी रेषा काढली. यात तुमचा दोष कुठेच येत नाही. याहून बरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही. मी शोधलं.

खिडकीखाली बाईंनी शेवटची मारलेली खडूची फुली अजून आहे. काकांनी ती पुसू दिलेली नाही. रेषा कुठून निघाली, एवढं आपल्याला दिसतं. पुढे भिंत नाही, फुली नाही, बाई नाहीत.

आता आपण सगळे उठू. सतरंजी थोडी बाजूला सारा. ज्याला जो जोड सापडेल, त्यावर उभं राहा. स्नेहा, तू तिकडे, तुझ्या जागेवर. मी इथे.

दोन मिनिटं. कोणी हलू नका.

बाई, आम्ही उभे आहोत.