अर्धशिशीचं माहेर

लीलाबाई : आन् ही बाटली कसली गं? काढ, काढ आधी भायेर.

प्रतिक्षा : बॉडी स्प्रे आहे, लीलाआजी. ग्राउंडवर घाम येतो ना.

लीलाबाई : येऊ दे की! घामाघूम मान्साला पोलिसात घेत न्हायती व्हय? ह्या वासानं एसटीतच डोकं उठलं मंजी सोलापूर ऱ्हाईल बाजूला, टेंभुर्णीलाच उतरशील.

(कळस. प्रयागबाईची ओसरी. लीलाबाई ही तिची धाकटी भावजय, माळेगाव बुद्रुकची. अर्धशिशीनं हिचा निम्मा जन्म खाल्लेला, म्हणून नणंदेनं मुद्दाम फोन करून बोलावून घेतलंय. प्रयागबाईची नात प्रतिक्षा उद्या सोलापूरला निघणार, परवा सकाळी तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी. नातीलाही तेच दुखणं, त्यालाच ती भ्यालीय, आजी नातीच्या काळजीनं अर्धी झालीय, आणि लीलाबाई आल्या आल्या चहासुद्धा न घेता पोरीची पिशवी उपसायला बसलीय.)

प्रयागबाई : तूच सांग बाई तिला. कालपास्नं एकच धोशा लावलाय, जात न्हाय म्हणून.

प्रतिक्षा : मग काय करू? मागच्या भरतीला काय झालं ठाऊक आहे ना? वर्षभर बारामतीला अकॅडमीत पळाले. आठशे मीटरला माझ्यापुढं एक पोरगी नसायची. आणि ऐन वेळी, गेटवर रांगेत उभी होते, तर डोळ्यांपुढं नागमोडी चमकायला लागलं. मग डावी बाजू ठणकायला लागली. माझा नंबर पुकारला तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून ओकत होते, लीलाआजी.

प्रयागबाई : दीपक गेलता आणायला. घरात पाय ठिवला आन् म्हनला, पुढच्या बारीला जमलं तर जमलं, न्हायतर पाव्हणं बोलावणार.

लीलाबाई : तुमचा ल्योक बी ग्वाडच हाय, वन्सं. पोरीचं डोकं दुखलं की लगीन लावायचं. डॉक्टरच व्हायचा ऱ्हायला तो.

प्रतिक्षा : ते हसण्यावारी नेऊ नका. पप्पा खरंच करतील. ही माझी शेवटची संधी आहे. आणि मला रात्रंदिवस एकच दिसतं, ते गेट.

लीलाबाई : बरं, न्हाय हसत. हिकडं बस. अगं, भिऊ नगं असं मी म्हणणारच न्हाय. अर्धशिशीला भ्यावंच. पण आधी भ्यावं. एकदा उठल्यावर भिऊन उपेग न्हाय. मागच्या बारीला कशी गेलीस?

प्रतिक्षा : रात्रीच्या गाडीनं. जीपमध्ये आम्ही अकराजणी.

लीलाबाई : घ्या! झोप न्हाय, बसायला जागा न्हाय, समोरच्या गाड्यांचं दिवं डोळ्यात. त्या डोक्यानं आनि काय करायचं? या बारीला उद्या सकाळच्या एसटीनं जा. डायवरच्या बाजूची खिडकी धर, मंजी ऊन तुझ्या अंगावर येणार न्हाय. चाकावरचं शीट घिऊ नगं, मेंदू हिंदकळतो. मुक्काम कुठं हाय?

प्रतिक्षा : माझी मैत्रीण आहे सुप्रिया, तिच्या मावशीकडं.

लीलाबाई : तिला आत्ताच फोन कर. सांगून टाक, मला अर्धशिशी हाय, रात्री लवकर दिवा मालवा, सकाळी माझ्यासमोर मिरचीची फोडणी घालू नगा.

प्रतिक्षा : अहो, कसं सांगायचं? त्यांना वाटेल, काय नखरे या पोरीचे.

लीलाबाई : वाटू दे. मला तर आख्ख्या माळेगावानं नखरेवाली ठरवलीती. इचार तुझ्या आजीला.

प्रयागबाई : नखरेवाली कुठली! नांदत न्हाय म्हणायची मान्सं.

प्रतिक्षा : म्हणजे?

प्रयागबाई : अगं, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास सुटायचा. समद्या गावाला तो पैशाचा वास. हिचं मात्र त्यानं डोकं उठायचं. आठ-आठ दिस पाणी ठरायचं न्हाय पोटात. मग माझी आई हिला हिकडं धाडायची, माझ्याकडं.

लीलाबाई : सासूबाईच म्हणायच्या, जा गं पोरी, प्रयागकडं हवा चांगली हाय. तुमचा भाऊ फटफटीवर बसवायचा. डोक्यावर ओलं टावेल, डोळ्यावर पदर, आन् वाटंत ह्यांचं एकच, "लीले, हायस का मागं?" मी बोलायची न्हाय. बोललं की ओकारी. मग चिमटा काढायची, मंजी ह्यास्नी कळायचं हाय म्हणून.

प्रतिक्षा : आप्पाआजोबा? इतके प्रेमळ?

लीलाबाई : प्रेम कसलं! वाटंत पडले तर आईला काय सांगायचं, ह्याचा घोर.

प्रयागबाई : खोटं बोलू नगं. हितं सोडून निघताना चारदा वळून बघायचा आप्पा.

लीलाबाई : बघायचं खरं. आन् हितं आलं की तुझ्या आजीची तयारी बघायची, पोरी! ती मधली खोली हाय ना बिनखिडकीची...

प्रतिक्षा : खताची?

लीलाबाई : आता खताची. तवा जवारीची व्हती. आमी येणार म्हणून निरोप आला की ह्या बाईनं आधल्या दिवशीच पोती हलवून जागा केलेली असायची. दाराला गोधडी टांगलेली. उशापाशी तांब्या, पायथ्याला बादली, वाटीत सुंठ उगाळलेली. बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळासुदीक काढून ठिवायच्या!

प्रयागबाई : बैल बी सांच्याला कावरंबावरं बघायचं. आपलं काय चुकलं म्हणून.

लीलाबाई : आन् माझं डोकं उतरंस्तवर घरात फोडणी न्हाय. समद्यांनी दुधात भाकरी कुस्करून खायची. दाजी बिचारं चकार शब्द बोलायचं न्हाईत.

प्रयागबाई : बोलणार कसं? मी दम दिलाता.

लीलाबाई : तिसऱ्या-चवथ्या दिवशी डोकं उतरायचं. पण मी सांगायची न्हाय. तशीच अंधारात पडायची. मग ह्या यायच्या, दार वडून घ्यायच्या, माझ्या शेजारी आडव्या व्हायच्या. आन् मग काय बोलायचो गं आमी! पोट दुखंस्तवर हसायचो. तोंडात पदर कोंबून.

प्रयागबाई : भायेर सासरा बसलेला. त्याला वाटायचं लीला कळवळतीया. एकदा तर म्हनला, लईच तरास दिसतोय पोरीला, म्हशीचं तूप द्या.

प्रतिक्षा : आणि नांदत नाही, ते काय?

लीलाबाई : दर हंगामाला सून जाती म्हणल्यावर गावात कुजबूज सुरू झाली. सासू छळती, न्हायतर नवरा बरा न्हाय. शेवटाला माळेगावची चार बुजुर्ग मान्सं समझोता करायला हितं कळसला हजर! फेटे बांधून.

प्रयागबाई : मला म्हनली, भांडण काय ते मोकळं बोला, नणंदेनं घर फोडू नये. मी म्हणलं, भांडण आत झोपलंय, हळू बोला.

लीलाबाई : मी उठून आले दारात. कपाळावर सुंठंचा पांढरा लेप, केस मोकळं, डोळं मिटलेलं. एक आजोबा तर मागच्या मागं सरकलं. मग जेवली बिचारी. बिनफोडणीचं.

प्रतिक्षा : देवा रे! आता मला हसवता होय? पण लीलाआजी, आता तुमचं दुखत नाही?

लीलाबाई : न्हाय. पन्नाशी उलटली आन् गेलं. कवा गेलं कळलंबी न्हाय. एक हंगाम गेला, दुसरा गेला, वास तोच, पण डोकं गप्प.

प्रतिक्षा : सुटलात मग.

लीलाबाई : व्हय. सुटले की.

प्रयागबाई : सुटली आन् हितं यायची बंद झाली.

लीलाबाई : डोकं दुखत न्हाय तर काय सांगून निघायचं, वन्सं? गाय हाय, नातवंडं हायती, घर हाय. नणंदेकडं उगंच कोण जातं?

प्रयागबाई : मीबी बोलावलं न्हाय म्हणा.

लीलाबाई : ते जाऊ दे. पोरीचं बघू. डॉक्टरची गोळी कुठाय तुझी?

प्रतिक्षा : ही बघा. बारामतीच्या डॉक्टरांनी दिलीय. दुखायच्या सुरुवातीलाच घ्यायची.

लीलाबाई : मग मागच्या बारीला चमकायला लागलं तवा घेतलीस का?

प्रतिक्षा : नाही. फार उशिरा घेतली. घेतली तशी उलटली.

लीलाबाई : का बरं? हाताशी असून?

प्रतिक्षा : उपाशीपोटी नको वाटली.

लीलाबाई : आन् उपाशी का व्हतीस? पळायला चाललेली पोरगी उपाशी?

प्रतिक्षा : ते... त्या दिवशी गुरुवार होता.

लीलाबाई : गुरुवारचं काय?

प्रयागबाई : मी दत्ताला बोललीया, लीला. पोरगी वर्दी घालून देवाच्या पाया पडंस्तवर गुरुवार धरील म्हणून. सांजच्या आरतीपत्तोर पाणीबी न्हाय.

लीलाबाई : पाणीबी न्हाय?

प्रयागबाई : देवाचं काम कडक करावं म्हणलं.

लीलाबाई : आन् पोरी, बाकीच्या गुरुवारी गं? डोकं उठतं?

प्रतिक्षा : बहुतेक वेळा. मला वाटायचं प्रॅक्टिसनं होतंय.

लीलाबाई : परवा काय वार हाय, वन्सं?

प्रयागबाई : आज मंगळवार, उद्या बुधवार, परवा...

लीलाबाई : वन्सं?

प्रयागबाई : गुरुवार. अगं बया! मंजी मीच गं... मीच पोरीचं ग्राउंड घालवलं? तिच्यासाठी म्हणून केलं आन् मीच तिला त्या भिंतीपाशी बसवलं?

प्रतिक्षा : आज्जी, रडू नको ना. तुला काय माहीत?

प्रयागबाई : मला न्हाय म्हाईत? हिचं डोकं मी उशाला बसून काढलंय! सकाळी वाईच दूध पोटात गेलं न्हाय की दुपारी उठायचंच, मी सवता बघितलंय. आन् घरच्या पोरीचं कळू नये मला?

लीलाबाई : पुरे, वन्सं. देव काय रागावून बसला न्हाय. परवा पोरीनं पहाटं उठून दूध-भाकरी खायाची, पाणी प्यायाचं, मग ग्राउंडवर जायाचं.

प्रयागबाई : आन् बोललेलं? ऐन वर्दीच्या दिवशी शब्द मोडायचा? माझा जीव धजत न्हाय गं.

प्रतिक्षा : मी गुपचूप केळं खाते. कुणाला कळणार नाही.

प्रयागबाई : देवापास्नं गुपचूप? वेडी का खुळी! मीच धरते त्यापरीस. माझा नवस, मी उपाशी ऱ्हाते.

प्रतिक्षा : तू? इन्सुलिन घेऊन उपाशी? मग मी सोलापूरला नाही, थेट दवाखान्यातच येते.

लीलाबाई : गुरुवार मला द्या.

प्रयागबाई : काय?

लीलाबाई : माझ्या हातावर पाणी सोडा आन् म्हणा, हिच्या वाट्याचे गुरुवार लीलानं घेतले. तुमच्या आईनं माझं समदं उपास असंच आपल्या अंगावर घेतलेलं. वटपुनवेला मला कोंडून दूध-केळं चारायच्या, सवता दिसभर उपाशी. मी म्हणायची, अवो सासूबाई, नवरा माझा हाय. तर म्हणायच्या, ल्योक माझा हाय, देवाला चालतंय.

प्रयागबाई : आईनं केलं असं? मला कधी बोलली न्हाय.

लीलाबाई : बोलायची बाई व्हती का ती? प्रतिक्षा, तांब्या आण.

प्रतिक्षा : पण लीलाआजी, उपाशी राहून तुमचं परत सुरू झालं तर? इतक्या वर्षांनी गेलंय ते.

लीलाबाई : झालं तर झालं. मला काय ग्राउंड मारायचं हाय?

प्रयागबाई : तसं नगं, लीला. मी बघितलंय तुझं. भिताडावर डोकं आपटायचीस.

लीलाबाई : तवा तुमी धरायचा की. आता हात कापाया लागलेत व्हय तुमचं? सोडा पाणी. पोरगी आपल्यापरीस पुढं जातीया, तिच्यावर आपला उपास नगं.

प्रयागबाई : बरं. हात म्होरं कर... दत्ता, दिगंबरा, माझ्या नातीचं गुरुवार माझ्या भावजयीनं घेतलं. पोरीला जेवू घाल, पळू दे, आन् हिचं डोकं सांभाळ. काय चुकलं असंल तर माझ्या पदरात घाल.

लीलाबाई : झालं. आता बघ गं. गोळी पिशवीत न्हाय, अंगावरच्या खिशात. वाईच चमकलं की तवाच घ्यायची, कुणाची वाट बघायची न्हाय. टोपी घाल. आन् रांगेतल्या शेजारणीला सांगून ठेव, मी गप झाले तर मला सावलीत बशीव म्हणून.

प्रतिक्षा : सांगते. मावशींना पण आत्ताच फोन करते. फोडणीचंसुद्धा सांगते.

प्रयागबाई : मंजी जातीस?

प्रतिक्षा : जाते, आज्जी. खरंच जाते. आणि तू आता डोळे पूस बघू.

लीलाबाई : चला, मग मी निघते. चारची एसटी गावंल.

प्रयागबाई : लीला, ऱ्हा की. परवा पोरगी पळत असंल, तू तिकडं उपाशी बसणार, मी हितं एकटी दाराकडं बघत बसणार. त्यापरीस दोघी बसू.

लीलाबाई : घरी मुक्कामाचं सांगून आले न्हाय, वन्सं. आन् गायीची धार?

प्रयागबाई : आप्पा काढंल. पूर्वी काढायचाच की.

प्रतिक्षा : मी लावते फोन आप्पाआजोबांना. काय सांगू? लीलाआजीचं डोकं उठलंय, म्हणून राहिली?

लीलाबाई : न्हाय गं. डोकं झकास हाय म्हणावं. तरी ऱ्हायलीय.