निवृत्तीअण्णांच्या हातातली वीणा

मंडळी, ऐका. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही. सात दिवस, आठही प्रहर, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर. आमच्या गावात हा नियम एकसष्ट वर्षं मोडलेला नाही. एकदाच तेवढी ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवली. खुर्ची म्हणजे जमीन नव्हे, असं आम्ही ठरवलं. ठरवणारा मीच.

तर प्रश्न असा – वीणा खाली ठेवली तर पाप लागतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वीणेकऱ्याला खाली टाकलं तर काय लागतं? मागं बसलेले बापू मान हलवतायत. बापू, उत्तर मलाही पोथीत सापडलं नाही. म्हणून गोष्ट सांगतो.

निवृत्तीअण्णा शेलार. ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायचं काम. सप्ताहात सकाळी सहा ते आठ वीणेचा पहारा त्यांचा, बावीस वर्षं. माणसाला एचआयव्ही होता. कुठून आला हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही सगळे ते खात्रीनं सांगत होतो. नाव घेऊन सांगतोय, कारण त्यांच्या पत्नी शेवंताकाकू म्हणाल्या, "महाराज, सांगा. लपवून काय मिळालं?"

गावाला कळलं कसं? सुदामआप्पा गुडघा दाखवायला जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले आणि चुकून एचआयव्हीची औषधं देतात त्या खोलीत शिरले. तिथं रांगेत अण्णा. आप्पांनी परत येऊन कुणालाच सांगितलं नाही, फक्त पारावर सांगितलं.

अण्णांनी सोडलेलं पाणी मात्र गाव पीत राहिलं. दुसरा नळ नव्हता ना.

मग सप्ताह आला. सहाला अण्णांनी वीणा घेतली. आठला ती सुदामआप्पांनी घ्यायची. आप्पांचा निरोप आला – गुडघा धरलाय. टाळकरी वीसेक होते. सगळे एकदम आपापले टाळ बघायला लागले, जणू आजच बाजारातून आणलेत.

नऊला माझं कीर्तन. आता रीत तुम्हाला माहीत आहे. कीर्तनकारानं उभं राहण्याआधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं, गळाभेट घ्यायची. मी काय केलं? लांबूनच हात जोडले. मग निरूपण केलं. विषय होता – सर्वांभूती एकच देव. मुद्दे चांगले निघाले होते.

मध्येच अण्णा हळूच म्हणाले, "महाराज, कुणाला तरी वीणा घ्यायला सांगता का? माझी गोळीची वेळ टळतेय. डॉक्टरीणबाईंनी नऊ म्हणजे नऊ सांगितलंय."

मला कीर्तन तोडायचं नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, मुखात नाम आहे ना? मग आणखी गोळी कसली?"

टाळ्या पडल्या, मंडळी. मला अजून ऐकू येतात.

अण्णा हसले. अकरापर्यंत उभे राहिले. मग कुणीतरी तीच खुर्ची आणली. "यावर ठेवा, अण्णा." त्यांनी वीणा ठेवली, तिला हात लावून नमस्कार केला आणि घरी गेले. आम्ही वीणेवर गोमूत्र शिंपडलं, आणि पुढच्याच मिनिटाला तिला खांदा मिळाला. सुदामआप्पांचा. गुडघा बरा झाला होता.

अण्णा परत दवाखान्यात गेले नाहीत. काकू मागं लागायच्या, "अहो, गोळ्या संपल्यात. जाऊन या की."

"कशाला? तिथं गेलो म्हणूनच तर गावाला कळलं," अण्णा म्हणायचे. "आणि महाराज बोलले ते काय खोटं असेल?"

अकरा महिन्यांनी त्यांना टीबीनं धरलं, आणि त्यातच ते गेले. खांद्याला चौघं मिळायला दुपार झाली. मी गेलो होतो. उशिरा गेलो.

दहाव्यानंतर काकूंबरोबर त्यांचे कागद घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढी. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतं सांगत राहिली – "हा रोग शिवल्यानं होत नाही, काका. एका ताटात जेवल्यानंही नाही. गोळीनं विषाणू मरत नाही, पण इतका दबून राहतो, की रक्ताच्या तपासणीतही सापडत नाही, आणि जोडीदारालाही लागण होत नाही. रोज वेळेवर घेतली, तर माणूस तुमच्याआमच्यासारखा म्हातारा होतो. बंद केली, की विषाणू पुन्हा उठतो." मग काकूंकडं बोट दाखवून म्हणाली, "यांची तपासणी दर वर्षी होते. यांना काही नाही."

म्हणजे सव्वीस वर्षं ज्या बाईनं त्यांच्याबरोबर संसार केला, तिला काही झालं नाही. आणि आम्ही वीणेला भीत होतो.

तेव्हा मंडळी, मला दक्षिणा नको, हारही नको. तुमच्या गावात कुणी अशी गोळी घेत असेल. कोण, ते शोधू नका. फक्त त्याची वेळ झाली, की त्याच्या हातातलं काम आपल्या हातात घ्या. आणि माझ्यासारखा कुणी इथं उभा राहून औषध सोडायला सांगायला लागला, तर टाळ्या वाजवू नका. त्याला खाली बसवा.

त्या कागदांत एक रिपोर्ट होता. सप्ताहाच्या आधीच्या महिन्यातला. आम्ही ज्याच्या हातून वीणा घेतली नाही, त्या माणसाच्या रक्ताचा. त्यावर लिहिलं होतं – विषाणू आढळला नाही.