सगळ्या खुणा बरोबर

नाही हो, मला काहीच झालेलं नव्हतं, हे मी किती जणांना सांगू? ताप नाही, खोकला नाही, पोटात दुखत नाही, आणि नेमकं तेच आमच्या घरात कोणाला सहन झालं नाही. आजारी माणसाच्या उशाशी लोक बसतात, ते ठीक आहे, पण ज्याला काही झालंच नाही त्याच्या उशाशी कोणी बसलेलं तुम्ही पाहिलंय? मी पाहिलंय. एक नाही, तिघीजणी. थांबा, नीट सांगते. एरवी मी बोलत नाही, हजेरीला ‘हजर’ म्हणते तेही बाईंना दोनदा विचारावं लागतं, पण आता तोंड उघडलंय तर पूर्ण ऐका, पुन्हा उघडेल असं नाही.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे, वैमानिकांच्या शाळेचं ते छोटं विमान दिवसभर आमच्या धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालतं, तिथलं. मी तेव्हा नववीत. जून महिन्यात उपकेंद्राच्या अल्का सिस्टर अंगणवाडीत आल्या, आम्हा अकरा मुलींना सतरंजीवर बसवलं, दार लावलं आणि म्हणाल्या, “सगळे रोगाची लक्षणं सांगतात, मी आज बरं असण्याची सांगते.” मग हार्मोन रक्तातून निरोप कसे नेतात ते सांगितलं, आणि हे निरोप वेळेवर पोचले तर बाईच्या अंगावर काय दिसतं तेही... पाळी एकवीस ते पस्तीस दिवसांत येते, सात दिवसांच्या वर राहत नाही, झोप लागते, उठल्यावर अंग हलकं असतं, भूक लागते, केस मूठमूठ गळत नाहीत, वजन विनाकारण चढत-उतरत नाही, विनाकारण रडू येत नाही. “एखाद्या वेळी चुकलं तर घाबरू नका, दोन-तीन महिने चुकत राहिलं तर मला सांगा,” असं म्हणून प्रत्येकीला एक कार्ड दिलं. वर घरातल्या बायकांची नावं, खाली खुणा, समोर बरोबर किंवा फुली.

माझं अक्षर चांगलं आहे, सगळं तिथेच बिघडलं. पट्टीने रेघा ओढून मी चार रकाने केले. आई, तिला बसल्याबसल्या अंगातून वाफा येतात, रात्री चारदा उठते, फुली. सुलोचना काकी, चेहरा सुजलेला, केस गळतात, दिवसभर थकवा, फुली. टीना वहिनी, काकीची सून, लग्नाला दोन वर्षं, पाळी तीन-तीन महिने नाही, हनुवटीवरचे केस दाराआड दोऱ्याने काढते, फुली. आणि शेवटची मी... बरोबर, बरोबर, बरोबर, खालपर्यंत बरोबर. मग मी काय केलं असेल? भाताच्या गंजातली, म्हणजे पातेल्यातली, चार शितं बोटाने चेंगरली आणि ते कार्ड स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं, कॅलेंडरच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं. भाताने चिकटवलेला कागद एकदा वाळला की भिंतीसकटच निघतो, हे लक्षात यायला हवं होतं.

काकी चौथी शिकलेली. तिला वाचायला वेळ लागतो, पण ती सोडत नाही. पळी हातात धरून तिने एकेक रकाना वाचला, शेवटी माझ्यावर थांबली.

“तिघींच्या नावाखाली फुल्या,” ती म्हणाली, “एकाच गंजातला भात खातो आपण, एकाच विहिरीचं पाणी. मंग आमचं बरं होतं ते गेलं कुठी?”

“काय बोलून राहिली वो बाई, पोरगी आहे ते,” आई म्हणाली.

“पोरगीच म्हणून राहिली मी. माही वेणी बारीक होऊन राहिली, हिची जाड होऊन राहिली. काऊन?”

कारण मी पंधरा वर्षांची आहे, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मला तर काहीच झालेलं नव्हतं, त्यावर काय बोलणार?

तुम्हाला सांगते, तेव्हापासून माझं सगळं मोजलं जायला लागलं. दर शनिवारी टीना वहिनी हळदीच्या दोऱ्याने माझी वेणी मोजायची, जिथे संपेल तिथे गाठ मारायची आणि दोरा खिळ्याला टांगायची. माझ्या फणीतले केस काकी कागदाच्या पुडीत ठेवायची. मी दुसऱ्यांदा भात घेतला की तिघींचे हात ताटात थांबायचे. आणि तो रविवार... बांधीत धानाचं रोवणं करून आलेली मी दुपारी झोपले, जाग आली तर माझ्याभोवती तिघी बसलेल्या. काकीच्या हाताची मागची बाजू माझ्या नाकाखाली.

“चालू आहे,” ती वहिनीला म्हणाली, “एका दमानं झोपते. कूससुद्धा नाही बदलत.”

काकीचं मी समजू शकते. पण आई पुढे वाकली आणि अगदी हळू, चोरून विचारावं तसं म्हणाली, “बाई, तुले झोप लागते कशी वो?” माझी आई. तेव्हा मला पहिल्यांदा थंडी वाजली, जुलैच्या उकाड्यात.

रोवणं संपलं की मला मंत्र-तंत्र करणाऱ्या बाबाकडे न्यायचं ठरलं. तो बाबा काय करतो माहीत आहे का? टाळूवरचे केस कापून झाडाला ठोकतो आणि चारचौघांत नाव घेतो, की हिनेच दुसऱ्यांचं बरं असणं ओढून घेतलं. एवढंच. मारत नाही, ओरडत नाही. पण एकदा नाव घेतलं की ते जन्मभर पुसलं जात नाही, आमच्या गावात रुक्माबाई आहे ना. बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पलीकडे एकटी राहते. तिच्या हातचं मीठ कोणी घेत नाही, तिच्या चुलीतला विस्तव कोणी मागत नाही, चाळीस वर्षं झाली.

मी शेळी शोधायच्या निमित्ताने तिच्या दाराशी गेले. सत्तरीची बाई, केस कमरेपर्यंत, ताठ बसून भाजलेले चणे कडाकडा चावत होती. माझ्या डोक्यात आपोआप कार्ड सुरू झालं... बरोबर, बरोबर, बरोबर. तिने चावता चावताच विचारलं.

“झोप लागते का वो?”

“हो.”

“भूक?”

“लागते.”

“महिन्याचे महिन्याले?”

“हो.”

तिने चणे खाली ठेवले. “आणि भिंतीले लावलं?”

मी भिंतीचं नावही काढलं नव्हतं हो. शपथ घेऊन सांगते.

“माह्या वक्ती कार्ड नव्हतं,” रुक्माबाई म्हणाली, “माही सासू तोंडीच मोजत होती. मले काही झालं नव्हतं, पोरी. आता तू बिमार पड. लवकर पड.”

म्हणून मी आजारी पडले. आजारी पडणं सोपं नाही, ज्याला काही झालेलं नाही त्याला तर फारच कठीण. डोळ्यांखाली काजळ चोळलं. अर्धं ताट सोडलं. टीना वहिनीचे गळलेले केस उचलून माझ्या फणीत अडकवले. दुपारी आईसारखं पदर, म्हणजे ओढणी, हलवत बसले. काकीने फणी पाहिली आणि हसली, कितीतरी महिन्यांनी.

तेवढ्यात अल्का सिस्टर कार्डं गोळा करायला आल्या. आमचं निघेना, म्हणून त्यांनी भिंतीसमोर उभं राहून वाचलं आणि तिघींना बसने गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. काकीला थायरॉइड निघालं, रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. वहिनीलाही औषध दिलं, चालायला सांगितलं. आईला सिस्टरांनी समजावलं की हा वयाचा बदल आहे, घाबरायचं नाही, आणि नुसतं समजल्यावरच तिची अर्धी धडधड गेली. दोन-अडीच महिन्यांत काकीची सूज उतरली, वहिनीला पाळी आली, आई रात्रभर झोपायला लागली.

आता तुम्ही सांगा, श्रेय कोणाला? गोळीला?

“हिनं सोडलं,” काकी म्हणाली, “घेतलं होतं तसं परत दिलं.”

मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाला उलट बोलले. म्हटलं, “काकी, गोळी.”

“गोळी तर आहेच वो. गोळीनं रस्ता दाखवला. देणारी तूच.” आणि तिने माझ्या टाळूवरून हात फिरवला, नेमकं जिथले केस कापणार होते तिथून. बाबा रद्द झाला. घरात सगळ्यांना माझ्याबद्दल इतकं प्रेम वाटायला लागलं की मला त्यांच्यासमोर जेवण जाईना.

आणि मग काय झालं ऐका. काजळ लावायची गरज उरली नाही. काळं खरंच आलं. फणीत केस येतात ते माझेच. पाळीला एक्केचाळीस दिवस झाले, नाही. रात्री पडून असते तर शेजारच्या खोलीतून तिघींचे श्वास ऐकू येतात, तिघींचे एकदम आत, एकदम बाहेर, अगदी माझी असायची तशी गाढ झोप. नवीन कार्ड मी खरं खरं भरलं, पट्टीने. तीन रकाने बरोबर, चौथ्यात फुल्या. ते काकीने स्वतः चिकटवलं, जुन्या कार्डावर, शितं चांगली चेंगरून.

शेवटी मी एकटीच उपकेंद्रात गेले. अल्का सिस्टरांनी वजन केलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, सगळं विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “अगं, अर्धपोटी राहिलं आणि जीवाला घोर लावून घेतला तर निरोप चुकणारच. पोटभर जेव, वेळेवर झोप, काळजी सोड. महिन्या-दोन महिन्यांत पहिल्यासारखी होशील.”

मी ‘हो’ म्हटलं. त्याचीच तर काळजी आहे.