मालिकेतलं घोडं

टीव्हीचा विषय काढलाच तुमी, तर ऐका. आमच्या आबांनी जन्मभर सेनगावच्या माळावर मेंढरं राखली. लकवा मारल्यापासून ते खाटेवरच. मी त्यांना मोबाइलवर एक जुनी इंग्रजी मालिका लावून द्यायचो. गोऱ्यांनी नुकतीच वस्ती केलेली अमेरिका, घनदाट जंगल, बंदूकवाले, घोडे. आबांना भाषा कळायची न्हाई, पण रान बराबर कळायचं.

एकदा पडद्यावरच्या बंदूकवाल्याकडं बघत आबांनी विचारलं, "हा गडी आता कुठं राहतो?"

"मेला तो, आबा. साठेक वर्षांपूर्वीची हाय ही. सगळेच मेले."

"घोडंबी?"

"घोडंबी."

वाटलं, आता बंद कर म्हणतील. म्हणाले, "मेलेले सगळे रानात पळायलेत, अन् मला जित्याला कूस बदलायला तू लागतो."